भिंतीवरच्या जुन्या तसबिरी

दसरा उलटला की आपल्या घरांतून एकच धांदल सुरू होते. माळ्यावरचे डबे खाली येतात, गाद्या उन्हात पडतात, कोळिष्टके काढायला कुंच्याला लांब काठी बांधली जाते. आणि या सगळ्या गडबडीत कुणाची तरी नजर भिंतीवरच्या तसबिरींकडे जाते. "अगंबाई, किती ही धूळ!" असे म्हणून आपण स्टुलावर चढतो, तसबीर उतरवतो आणि ओले फडके हातात घेतो. मैत्रिणींनो, आज मला त्या ओल्या फडक्याविषयीच बोलायचे आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सासूबाईंच्या माहेरचे कऱ्हाडचे घर विकायचे ठरले, तेव्हा भावंडांनी वस्तू वाटून घेतल्या. कुणी समया घेतल्या, कुणी शिसवी पाट. सासूबाईंनी एकच मागितली, देवघरावरची लक्ष्मीची तसबीर. चित्र तसे छापीलच, पण त्यांच्या आईने दुपारची कामे आटोपल्यावर बसून त्या लक्ष्मीला हिरव्या रेशमी कापडाचे लुगडे चिकटवले होते. काठाला जर, गळ्यात बारीक मणी, मुकुटाला टिकल्या. त्या काळी पुष्कळ घरांतून बायका छापील चित्रे अशी सजवीत असत. आईच्या हातचे असे सासूबाईंपाशी ते एवढेच.

दिवाळीच्या आधी म्हटले, आपण ती छान स्वच्छ करून ठेवू, नणंदेकडून आल्या की आश्चर्य वाटेल. काच काढली. लुगड्याच्या घड्यांत धूळ बसली होती. फडके ओले केले, चांगले पिळले आणि हलकेच टिपू लागले. जुन्या रेशमाचा रंग कच्चा! बघता बघता हिरवे पाणी कमळाच्या पाकळ्यांवरून खाली उतरून लक्ष्मीच्या पावलांपर्यंत गेले. मी टिपकागद लावला तर डाग आणखी पसरला. शाळेत मुलांना "आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा" असे रोज सांगणारी मी! ती तसबीर कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि चार दिवस मला धड जेवण गेले नाही.

पुढचे पुढे सांगते. त्यानंतर मी पुष्कळ वाचले, जाणत्यांना विचारले, घरातल्या आणि माहेरच्या मिळून दहा-बारा तसबिरी स्वतः उघडल्या. त्यातून जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट वेळेची. पावसाळ्यात तसबीर उघडू नये. कागद हवेतली ओल पितो, फुगतो आणि तसाच पुन्हा बंद केला तर आत बुरशी धरते. आश्विन-कार्तिकातली कोरडी हवा या कामाला उत्तम. तसबीर उतरवताना दोघांनी उतरवावी. मागची दोरी वीस-तीस वर्षांची असते आणि नेमकी आपण हात लावल्यावर तुटते. पलंगावर किंवा टेबलावर जाड रजई, तिच्यावर स्वच्छ चादर, आणि तिच्यावर तसबीर पालथी ठेवावी. त्याआधी फोनवर पुढून-मागून तिचा फोटो काढून घ्यावा. हे मात्र विसरू नका. मागच्या फळीवर कधी फ्रेमवाल्याची चिठ्ठी असते, कधी पेन्सिलीने लिहिलेली तारीख, कधी आत भर म्हणून घातलेले वर्तमानपत्र. माझ्या माहेरच्या एका फोटोचे वर्ष आम्हांला त्या आतल्या वर्तमानपत्रावरूनच कळले. हे सारे एका पाकिटात जपून ठेवावे.

नाकावर रुमाल बांधा. आतली धूळ, बुरशी, कसरींची घाण छातीत जाते. मागचे चुका गंजलेले असतात. ते हातोडीने ठोकून काढू नयेत, पक्कडीने हळूहळू वाकवून मग ओढावेत. काच तडकलेली असेल तर आधी काचेवर कागदी चिकटपट्ट्या आडव्या-उभ्या लावून घ्याव्यात, म्हणजे तुकडे चित्रावर पडत नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाचे. फळी काढल्यावर चित्र लगेच उचलू नका. काचेच्या बाजूने तिरके धरून पाहा. कुठे ओलसर, चमकदार पट्टे दिसले तर चित्र तिथे काचेला चिकटले आहे असे समजावे. फोटोंच्या बाबतीत हे फार होते. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, तो दमट हवेत मऊ होतो आणि काच धरतो. ओढलात तर चेहराच काचेवर राहील आणि तुमच्या हाती कोरा कागद येईल. असा फोटो काचेसकट तसाच ठेवावा, काचेवरूनच त्याचा चांगला फोटो किंवा स्कॅन करून घ्यावा आणि सोडवण्याचे काम तज्ज्ञांवर टाकावे. आमच्या मामंजींच्या मुंजीचा फोटो असाच काचेला धरलेला आहे. तो आम्ही हलवलेला नाही, त्याची प्रत मोठी करून लावली आहे.

हाती आलेले चित्र कशाचे आहे, हेही ओळखायला हवे, कारण प्रत्येकाची जात वेगळी. मुलांचे भिंग घ्या. छापील चित्रावर ठिपके दिसतात. अलीकडच्या छपाईत ते ओळीने, एकसारखे असतात. जुन्या शिळाछापात ते हाताने टाकल्यासारखे, लहान-मोठे, वेडेवाकडे असतात. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुण्याची चित्रशाळा तर त्याच्याही आधीची, १८७८ ची. या छपाईत एकेका रंगासाठी वेगळा दगड आणि प्रत्येक रंग सुकल्यावर पुढचा. आपल्या आज्या-पणज्यांच्या देवघरांतल्या लक्ष्मी-सरस्वती बऱ्याचशा अशाच छापखान्यांतून आल्या. तेव्हा "जुने कॅलेंडर दिसतेय" म्हणून रद्दीत टाकण्याआधी खालची कड नीट पाहा. तिथे बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव असते.

आणि ही कडच आपले फ्रेमवाले कापतात! माझ्या आत्याकडच्या सरस्वतीची तीच गत झाली. तयार चौकटीत बसेना म्हणून दुकानदाराने चारी बाजूंनी कातर चालवली, चित्र हार्डबोर्डवर गोंदाने चिकटवले आणि जुनी फळी, तिच्यावरच्या अक्षरांसकट, फेकून दिली. आत्याने विचारले तर म्हणे, "अहो ताई, नवं कोरं करून दिलंय की!" दुकानात द्यायचेच असेल तर आधीच बजावून सांगा: कापायचे नाही, चिकटवायचे नाही, लॅमिनेशन तर मुळीच करायचे नाही. लॅमिनेशन एकदा झाले की पुन्हा सुटत नाही.

स्वच्छतेचे म्हणाल तर कागदावरच्या चित्राला घरी एकच उपाय, कोरडा. मऊ केसांचा रुंद ब्रश घ्यावा, रंगकामाच्या दुकानात बकरीच्या केसांचा मिळतो. मधून कडांकडे, हलक्या हाताने, फुलावरची धूळ उडवावी तसा फिरवावा. चित्राला कुठे रंगाचे पोपडे सुटलेले दिसले तर ब्रशही नको. कोऱ्या कडांवर काळे डाग असतील तर पांढरे मऊ खोडरबर किसणीवर किसावे (किसणी जुनी घ्या, नाहीतर खोबऱ्याला रबराचा वास!) आणि तो कीस बोटाच्या पेरांनी अलगद गोल फिरवावा. कीस काळा झाला की झटकून टाकावा. हे फक्त कोऱ्या कडांवर. रंगावर नाही आणि पेन्सिलीच्या अक्षरांवर तर नाहीच.

पावाच्या मगजाने चित्र पुसावे, असे आपल्यापैकी पुष्कळजणींनी ऐकले असेल. पूर्वी तसे करीतही असत. पण पावाचे बारीक कण आणि तेलकटपणा कागदात राहतो आणि कसरींना पंगतीचे आमंत्रण मिळते. तैलचित्रावर बटाटा किंवा कांदा कापून चोळण्याचा सल्ला त्याच पठडीतला. त्याचा रस रंगांच्या भेगांत जाऊन बसतो. तैलचित्र असेल तर मऊ ब्रशने धूळ झटकावी आणि थांबावे. वरचे व्हार्निश पिवळे पडले आहे, ते काढू या, असा मोह धरू नये. व्हार्निशबरोबर रंगही येतो.

बुरशी दिसली तर ती तसबीर बाकीच्यांपासून दूर करावी. सावलीत, हवेशीर जागी, पण थेट पंख्याखाली नव्हे, दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्यावी. ओली बुरशी ब्रशने पसरते, वाळली की ती भुकटीसारखी निघते. ती घराबाहेर, गच्चीत नाकाला रुमाल बांधून झटकावी. ऊन दाखवण्याची आपल्याला सवय, पण पापडांना चालते ते चित्रांना चालत नाही, रंग उडतात. कागदावरचे तपकिरी ठिपके मात्र ब्रशने जाणार नाहीत. ते वयाचे डाग समजून सोडून द्यावेत. ब्लीचिंग वगैरेच्या वाटेला जाऊ नका.

आता मागची फळी. जुन्या तसबिरींना खोक्यांच्या फळ्या लावलेल्या असतात. दोन फळ्यांच्या मध्ये जिथे फट असते, तिथे चित्राच्या पाठीवर बरोबर तशीच तपकिरी रेघ उमटलेली दिसेल. लाकडातले आम्ल कागदाला जाळते, त्याची ती खूण. फळी शाबूत असेल तर ती फेकू नका, पण चित्र आणि फळी यांच्यामध्ये आम्लरहित पुठ्ठा घाला. चित्रकलेच्या सामानाच्या मोठ्या दुकानांत 'अॅसिड-फ्री' म्हणून मागितला की मिळतो. साध्या पुठ्ठ्यापेक्षा महाग पडतो हे खरे, पण एका तसबिरीला लागतो कितीसा! तसेच चित्र काचेला टेकता कामा नये. चौकटीच्या खाचेत चारी बाजूंनी त्याच पुठ्ठ्याच्या बारीक पट्ट्या घातल्या की मध्ये हवा राहते. मुंजीचा फोटो चिकटला तो या एवढ्या पट्टीच्या अभावी.

फाटलेल्या कागदाला पारदर्शक चिकटपट्टी लावू नये. पट्टी गळून पडते आणि तिचा पिवळा चिकटा कायमचा राहतो. अगदीच जोडायचे झाले तर मागच्या बाजूने पातळ, मजबूत कागदाची चिंधी आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ, तीही बोटाच्या टोकाने, नावापुरती. जुनी माणसे खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालीत. चित्राच्या खळीत तो नको, कागदाला बाधतो.

काच निराळी काढूनच धुवावी, साबणाच्या पाण्याने, आणि पूर्ण कोरडी झाल्यावर बसवावी. एरवी भिंतीवरची काच पुसताना पाण्याची फवारणी काचेवर करू नये. पाणी ओघळून खालच्या पट्टीत शिरते आणि चित्र खालून कुजू लागते. फडक्यावर फवारा, मग पुसा. देवांच्या तसबिरींना हळदकुंकू लावताना आणि ओले हार घालताना हेच होते. माझ्या पाहण्यातल्या तसबिरींपैकी निम्म्या बरोबर खालच्या कडेलाच खराब झाल्या होत्या. हारासाठी भिंतीवर वेगळा खिळा ठोका, हार निथळून घाला. देवीला त्याचा काही राग येणार नाही.

चौकटीकडे वळू. सागवानी किंवा शिसवी चौकट असेल तर धूळ झटकून, किंचित दमट फडक्याने पुसून लगेच कोरडी करावी. चित्र आत नसताना, बरे का. जुने पॉलिश बहुधा चपड्या लाखेचे असते. ते स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून स्पिरिटने पुसू नये, पॉलिशच उतरून येईल. अगदी उडालेलेच असेल तर सुताराकडून स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख आणून मऊ कापडाच्या पुरचुंडीने पातळ हात द्यावा. जवळ समई, उदबत्ती, गॅस काही पेटलेले नको. कुणी खोबरेल लावायला सांगतात. दोन दिवस चकाकी येते, मग ते चिकट होते आणि धूळ धरते. जवसाचे तेल लावणार असाल तर एक धोका ध्यानात ठेवा: त्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापतात आणि पेटही घेतात. बाहेर पसरून वाळवा, मगच टाका.

सोनेरी नक्षीच्या चौकटीला पाणी वर्ज्य! ती नक्षी लाकडाची नसते, खडू आणि सरस यांच्या लगद्याची असते. पाणी लागले की लगदा विरघळतो. नुसता मऊ ब्रश. नक्षीचे तुकडे पडले असतील तर काडेपेटीत गोळा करून ठेवा, जागेवर पुन्हा चिकटवता येतात. आणि बाजारातला सोनेरी रंग आणून फासू नका. त्यात पितळेची पूड असते, काही वर्षांत ती काळपट हिरवी पडते आणि खाली खरा वर्ख असेल तर तोही गेला.

चौकटीचे कोपरे उघडले असतील तर जुना सरस खरवडून, नवा लावून, चारी बाजूंनी सुतळी करकचून बांधावी. कोपऱ्यांवर पुठ्ठ्याचे तुकडे घालावेत म्हणजे सुतळी लाकडात रुतत नाही. एक रात्र तसेच ठेवावे. चौकटीखाली पिठासारखा भुसा पडत असेल तर आत भुंगा आहे. ती चौकट चित्रापासून ताबडतोब वेगळी करावी आणि औषधाचे काम चौकटीवर, घराबाहेर करावे. चित्रावर फवारायचे औषध कुठलेही नाही.

बंद करताना मागच्या फटीवर तपकिरी कागदी पट्टी लावावी, धूळ आणि कसर दोन्ही अडतात. खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे तसबीर भिंतीला टेकत नाही आणि मागून हवा खेळते. जुन्या वाड्यांतून तसबिरी पुढे झुकलेल्या असत ते आठवते? मागे हवा राही आणि काचेवर धूळही कमी बसे. आपण नव्या घरात त्या सपाट भिंतीला चिकटवल्या आणि ओल आत घेतली. बाहेरची, पाऊस झेलणारी भिंत तसबिरींना देऊ नका. तशीच समोर पश्चिमेची खिडकी असलेलीही.

हे सगळे मला तेव्हा ठाऊक असते तर!

पाचव्या दिवशी सासूबाई आल्या. चहा झाल्यावर मी तसबीर आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटले, "आई, हे माझ्या हातून झालं." त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिले. बोट डागावरून फिरवले नाही, लुगड्याच्या काठावरून फिरवले. "ही जर माझ्या मुंजीतल्या भावाच्या टोपीची," एवढेच म्हणाल्या आणि उठून भाजी निवडायला बसल्या. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

संवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या एका बाईंना आम्ही ती तसबीर नेऊन दाखवली. अशी माणसे आता आपल्याकडे आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचे केंद्र आहे, आणि १९८४ साली स्थापन झालेल्या इन्टॅक या संस्थेचीही आहेत. त्या बाईंनी भिंगातून पाहिले आणि सांगितले, "डाग काढायचा तर पुन्हा ओलावा द्यावा लागेल आणि ओलावा दिला की रंग पुन्हा सुटेल. शिवाय रेशीम इतकं जीर्ण आहे की उचललं तर विरेल. आहे तसं राहू द्या." त्यांनी मणी सुटत होते तेवढे बसवून दिले. बाकी सगळे, पट्ट्या, पुठ्ठा, बूच, मी घरी केले.

तसबीर बंद करायच्या आदल्या दिवशी सासूबाई जवळ येऊन बसल्या. "मागे काहीतरी लिहितेस ना तू?" मी म्हटले, "हो, चित्रावर नाही, पुठ्ठ्यावर. पेन्सिलीने." शाई फुटते म्हणून पेन्सिल, हे तुम्हीही पाळा. त्यांनी सांगितले आणि मी लिहिले: आईचे नाव, सासरचे आणि माहेरचे, कऱ्हाड, लुगड्याचे कापड कुणाच्या बारशाच्या खणातले, जर कुणाच्या टोपीची. मी पेन्सिल खाली ठेवली.

"आणि खालचा हिरवा डाग कसा पडला ते?" त्या म्हणाल्या. "तेही लिही. तुझ्या नावासकट. पुढच्यांना वाटायला नको, माझ्या आईने रंग सांडला म्हणून."

तेही लिहिले आहे.